सोळा जणांची पंगत आणि चिमट्याने लावलेली ताटे

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

गेल्या महिन्यात आम्ही सोळा जण पुण्यातल्या एका नव्या रेस्टॉरंटमध्ये संध्याकाळी साडेसातला जेवायला बसलो आणि रात्री सव्वाअकराला अर्धपोटी उठलो. तक्रार एवढीच असती तर आपल्या वृत्तपत्राची जागा मी अडवली नसती. हॉटेलातले एखादे जेवण बिघडणे ही काही बातमी नव्हे, आणि पुणेकराने हॉटेलविषयी कुरकुर करणे ही तर त्याहून नव्हे. परंतु त्या रात्री जे बिघडले ते स्वयंपाक्याच्या हाताने बिघडले नाही, हिशेबाने बिघडले; आणि तोच हिशेब नोकरीची एकोणतीस वर्षे मी रोज करत आलो असल्यामुळे तो मांडल्यावाचून राहवत नाही. रेस्टॉरंटचे नाव मुद्दामच देत नाही, कारण मोठ्या गटाला नऊ-दहा पदार्थांचा ठरीव मेनू घ्यायला लावण्याची पद्धत आता एकट्या त्या रेस्टॉरंटची राहिलेली नाही, आणि आत राबणारी मुले कोवळ्या वयाची होती.

मी पिंपरी-चिंचवडमधल्या एका कारखान्याच्या कॅन्टीनचा व्यवस्थापक होतो. त्या काळी लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम ४६ हे अडीचशेहून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांच्या कॅन्टीनविषयी होते, आणि कलम ५५ असे सांगत असे की सलग पाच तासांच्या कामानंतर कामगाराला किमान अर्ध्या तासाची विश्रांती मिळाली पाहिजे. ही दोन कलमे शेजारी शेजारी ठेवली की कॅन्टीनवाल्याचे सारे आयुष्य त्यात येते. आमच्याकडे पहिल्या पाळीला बाराशे माणसे सहाशेच्या दोन बॅचमध्ये जेवत. काउंटर चार, म्हणजे एका काउंटरवर दीडशे ताटे. माणसाला निवांत चावून खायला पंधरा-सतरा मिनिटे मिळायची असतील तर वाढप साडेबारा मिनिटांत उरकायला हवे, म्हणजेच एका ताटामागे पाच सेकंद. भाजी ओगराळ्याने वाढायची की डावाने, हा प्रश्न आमच्याकडे कॅन्टीन कमिटीच्या बैठकीत चर्चेला येत असे, कारण डावाने वाढले तर ताटामागे एक सेकंद जास्त लागे आणि शेवटच्या तीस माणसांना भोंगा होईपर्यंत उभ्याने खावे लागे.

हे वाढप ज्यांच्या जिवावर चालत असे ते आमचे मुख्य आचारी. कारखान्यात सरव्यवस्थापकापासून हेल्परपर्यंत सारे त्यांना ‘मामा’च म्हणत. मामांनी गेल्या महिन्यात वयाची पंचाहत्तर वर्षे पूर्ण केली. आमचा निवृत्तांचा गट एरवी कुठल्या तरी मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये किंवा कुणाच्या गच्चीवर जमतो. या वेळी मात्र ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांना वाढले त्यांना एकदा बसून खाऊ घालावे, तेही ‘महाराष्ट्राचे जेवण नव्या रूपात’ देणाऱ्या ठिकाणी, असे आमच्यातल्या सर्वांत धाकट्या, म्हणजे एकसष्ट वर्षांच्या सदस्याने सुचवले. त्याच्या मुलाने नोंदणी केली. आठ किंवा त्याहून अधिक जण असतील तर ठरीव नऊ पदार्थांचाच मेनू, माणशी २४०० रुपये, कर वेगळे, निम्मी रक्कम आगाऊ आणि ती परत न मिळणारी, अशा अटी होत्या. एकोणीस हजार दोनशे रुपये आम्ही आठवडाभर आधीच भरले होते, तेव्हा सोळा माणसे येणार आहेत याचा त्यांना अचानक धक्का बसला असे म्हणायला जागा नाही.

दारातच पहिला खोळंबा झाला. मामांच्या सत्कारासाठी आम्ही शाल आणि श्रीफळ नेले होते. शाल आत जाऊ दिली. नारळ मात्र ‘बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेता येत नाहीत’ या नियमाखाली काउंटरवर ठेवून घेतला आणि त्याचा बिल्ला दिला. तो नारळ आम्ही टेबलावर फोडून खाणार नाही, याची हमी द्यायला आमच्यातले निवृत्त सुरक्षा अधिकारी पुढे सरसावले होते, पण मामाच म्हणाले, “राहू द्या हो साहेब, नियम आहे.” सत्कार त्यामुळे शालीवरच झाला. भाषण कुणाला ऐकू आले नाही, कारण डोक्यावरच्या स्पीकरमधून ढोलाचे काहीतरी संगीत चालू होते आणि आमच्यापैकी चौघांच्या कानांत यंत्रे आहेत. आवाज कमी करण्याची विनंती दोनदा केली. दोन्ही वेळा तो मिनिटभर कमी झाला.

सोळा जणांना एकत्र बसवायचे म्हणून नोंदणी घेतली होती, परंतु प्रत्यक्षात एक टेबल दहाचे आणि दुसरे सहाचे मिळाले व मध्ये एक खांब. प्रत्येक पदार्थ आला की तो काय आहे हे वाढणारा मुलगा आधी दहांच्या टेबलाशी आणि मग सहांच्या टेबलाशी समजावून सांगत असे, दोन्हीकडे दोन-दोन मिनिटे, आणि तोवर हात लावायचा नाही असा संकेत. मुलगा उत्तराखंडचा होता, अदबशीर होता, आणि ‘अळूचं फदफदं’ हे शब्द त्याने ज्या जिद्दीने उच्चारले त्याबद्दल त्याचे कौतुकच करायला हवे. ज्यांनी त्याला ते पाठ करायला लावले त्यांना मात्र टेबलावरच्या सोळाही माणसांना फदफदं म्हणजे काय हे सांगावे लागत नाही, एवढे कळायला हवे होते.

पहिला घास आठ वाजून वीस मिनिटांनी आला. आमच्या वयाच्या मंडळींत निम्म्यांना मधुमेह असतो आणि काहींना गोळी जेवणाआधी घ्यायची असते. नोंदणी साडेसातची म्हणून एका मित्राने सव्वासातला गोळी घेतली. आठला त्याला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. कॉफीच्या काउंटरवरून साखरेच्या तीन पुड्या आणून त्या पाण्यात ढवळून त्याला पाजल्या तेव्हा तो सावरला. ते पाणीही बाटलीचे, एकशे दहा रुपयांचे. बाटलीबंद पाणी छापील किमतीपेक्षा जास्त दराने विकायला हॉटेलांना मुभा आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये म्हटले आहे, हे मला ठाऊक आहे, म्हणून दराविषयी मी बोलत नाही. साधे पाणी कुणी विचारलेसुद्धा नाही, त्याविषयी बोलतो आहे.

तो पहिला घास म्हणजे सोलकढीचा गोळा होता. लहान सुपारीएवढा, गुलाबी, चिनी मातीच्या चमच्यात ठेवलेला. तो तोंडात फुटतो आणि सोलकढीची चूळ भरल्यासारखे होते, असे सांगण्यात आले. माझा पुतण्या हॉटेल मॅनेजमेंट शिकलेला आहे, त्याच्याकडून नंतर ही करामत समजून घेतली. समुद्री शेवाळापासून काढलेले सोडियम अल्जिनेट रसात मिसळायचे आणि तो रस कॅल्शियमच्या पाण्यात सोडायचा, की त्याच्याभोवती पातळ पापुद्रा धरतो. स्पेनमधल्या एल बुली या रेस्टॉरंटने ही युक्ती जगभर नेली. ते रेस्टॉरंट २०११ सालीच बंद झाले, पण त्याची गोळ्यांची हौस अजून फिरते आहे. यात गोम अशी की गोळा पाण्यातून काढल्यावरही तो आतल्या बाजूने घट्ट होतच राहतो, म्हणून तो लगेच खायचा असतो. शिवाय आमसुलासारखा आंबट रस असेल तर पापुद्रा नीट धरत नाही, त्याचा आंबटपणा आधी मारावा लागतो. म्हणजे ज्या गुणासाठी सोलकढी प्यायची तोच गुण आधी कमी करायचा. दहांच्या टेबलावरच्या पहिल्या चार-पाच जणांच्या तोंडात गोळा फुटला. सहांच्या टेबलापर्यंत येईतो त्याचे रबर झाले होते. मामांची कवळी आहे. त्यांनी तो गोळा दोनदा या गालातून त्या गालात फिरवला आणि हळूच रुमालात घेतला.

येथून मी जेवणाऱ्याचा कॅन्टीनवाला झालो. त्या रेस्टॉरंटचे स्वयंपाकघर काचेच्या भिंतीमागे आहे, ग्राहकाने बघावे म्हणूनच. मी बघत बसलो. आत सहा माणसे होती. चौघे शेगड्यांपाशी, आणि दोन मुले ओट्याला चिकटून, हातात चिमटे घेऊन ताटल्या सजवत होती: थालीपीठ रुपयाच्या नाण्याएवढे, त्यावर लोण्याचा कण, त्यावर चिमट्याने ठेवलेले कोथिंबिरीचे एकच पान, बाजूला काळ्या मसाल्याची ब्रशने ओढलेली रेघ. मी घड्याळ लावले. एका ताटलीला दोन मिनिटे. दोन मुले, सोळा ताटल्या, म्हणजे शेवटची ताटली तयार होईपर्यंत सोळा मिनिटे. तोवर पहिली ताटली गार. असे नऊ पदार्थ म्हणजे नऊ गुणिले सोळा, एकशे चव्वेचाळीस ताटल्या, आणि त्या लावण्यातच दोन तास चोवीस मिनिटे. यात शिजवण्याचा वेळ नाही, वाढण्याचा नाही, दोन टेबलांवरच्या दुहेरी व्याख्यानाचा नाही, आणि बाकीच्या टेबलांवर बसलेली तीस-पस्तीस माणसेही धरलेली नाहीत. मी हा हिशेब कागदी रुमालावर मांडून शेजारच्या मित्राला दाखवला आणि म्हटले, आपण अकराच्या आत सुटत नाही. पावणेदहालाच कळलेली गोष्ट खरी व्हायला सव्वाअकरा वाजले.

त्या मुलांना आळशी कोण म्हणेल? त्यांना मान वर करायला फुरसत नव्हती. ज्याने हा मेनू लिहिला त्याने तो चार माणसांच्या टेबलासाठी लिहिला होता. चार ताटल्या दोन मुले चार मिनिटांत लावतात, त्या गरम निघतात, गोळे फुटतात, व्याख्यान एकदाच होते. तोच मेनू जसाच्या तसा सोळांना लावला की तो चौपट होत नाही, मोडून पडतो. आमच्या धंद्यातला हा पहिला धडा आहे: चार माणसांचा स्वयंपाक चारने गुणून सोळांचा होत नाही. मीठसुद्धा त्या प्रमाणात वाढवत नाहीत.

आपल्याकडच्या पंगतीने हा प्रश्न फार पूर्वी सोडवला आहे, आणि तो भावनेने नव्हे, अनुभवाने. पानात आधी मीठ, लिंबू, चटणी, लोणचे, कोशिंबीर येते, कारण या गोष्टी दहा मिनिटे पडून राहिल्या तरी बिघडत नाहीत. मग उजवीकडच्या भाज्या. भाताची मूद आणि तिच्यावर वरण अगदी शेवटी, आणि त्यावर तूप पडले की सुरुवात. जे गार होते ते शेवटी, आणि सर्वांना एकाच वेळी. वाढपी एकामागे एक चालतात, प्रत्येकाच्या हातात एकच जिन्नस, आणि शंभर पाने दहा मिनिटांत भरतात. एकामागून एक पदार्थ स्वतंत्र ताटलीत लावून आणण्याची पद्धत युरोपातही एकोणिसाव्या शतकात रुळली. त्याआधी तिथेही अनेक पदार्थ एकाच वेळी टेबलावर मांडत. ती रीत वाईट आहे असे नाही. तिला वाढपी जास्त लागतात, एवढे मात्र ती आणणाऱ्याला ठाऊक असावे.

प्रामाणिकपणे सांगायचे तर सगळेच वाईट नव्हते. चौथा पदार्थ पिठले होते, आणि ते फेस करून आणले होते. एका पोलादी बाटलीत पातळसर पिठले भरून, नायट्रस ऑक्साइडचे काडतूस लावून, दाब दिला की ते साबणाच्या फेसासारखे हलके होऊन बाहेर येते. आमच्या टेबलावर हसाहस झाली. मामांनी मात्र चमचाभर तोंडात घेतले, डोळे मिटले, दुसरा चमचा घेतला आणि म्हणाले, “गुठळी नाही.” ज्या माणसाने बाराशे माणसांच्या पिठल्यात गुठळी होऊ नये म्हणून तीस वर्षे मनगट झिजवले, त्याच्या तोंडून आलेली ही दाद साधी नाही. लसणाची फोडणी खमंग होती, हिरव्या मिरचीचा ठसका होता, आणि कवळीला काही त्रास नव्हता. मीही चाखून पाहिले. पिठलेच होते ते, नुसते हलके झालेले. पण इथेही तोच घोळ. बाटली छोटी, तिच्यातून आठ-दहा माणसांपुरताच फेस निघतो, मग ती पुन्हा भरायची, पुन्हा काडतूस लावायचे, आणि तोवर आधीचा फेस खाली बसतो. खांबापलीकडच्या सहांना वाटीच्या तळाशी कोमट पिवळे पाणी मिळाले. त्यांना आम्ही का माना डोलावतो आहोत हे शेवटपर्यंत कळले नाही.

पाचव्या पदार्थाबाबत मात्र मी गंभीर आहे. तांबडा आणि पांढरा रस्सा प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्यांतून आणला होता. नोंदणी करताना आम्ही सहा जण शाकाहारी असल्याचे लेखी कळवले होते. पांढरा रस्सा कोल्हापुरात मटणाच्या अळणीवर होतो, आणि शाकाहारी मंडळींसाठी तो भाजीच्या पाण्यावर केला असेल असे समजून एकाने नळी ओठाला लावणार, एवढ्यात मामांनी वास घेऊन त्याचा हात धरला. वाढणाऱ्या मुलाला विचारले तर बत्तीसही नळ्या सारख्याच. कुठली कसली हे त्याला सांगता येईना. तो आत गेला, सात मिनिटांनी परत आला आणि काही न बोलता सगळ्या नळ्या उचलून घेऊन गेला. आमच्या कॅन्टीनमध्ये मांसाहाराचा काउंटर वेगळा, ओगराळी वेगळी, आणि त्या ओगराळ्यांच्या दांड्याला लाल रंग दिलेला असे. त्याला काही खर्च येत नाही. एक डबी रंग पुरतो.

पुढचे तीन पदार्थ मी भराभर सांगतो, कारण तेही तसेच झाले. फदफदं अळूच्याच पानात गुंडाळून आले, चांगले असावे, गार असल्यामुळे नक्की सांगता येत नाही. कैरीच्या पन्ह्याचा बर्फ आला तो वितळून आला. वरण-भात साडेदहाला आला, दगडी वाटीत चार घास, ‘आंबेमोहोर’ म्हणून. मामांनी शीत बोटांत दाबून पाहिले आणि हा इंद्रायणी आहे म्हणाले. इंद्रायणी आंबेमोहोराच्याच कुळातला, आमच्या मावळातला, वडगावच्या भात संशोधन केंद्रात तयार झालेला आणि माझ्या मते वरणाबरोबर अधिक गोड लागणारा तांदूळ आहे. त्याला त्याच्या नावाने वाढायला लाज का वाटावी हे मला समजत नाही.

नववी ताटली पुरणपोळीची होती, आणि तिच्याजवळ मला थोडे थांबायचे आहे. काळ्या पाटीच्या दगडावर एका बाजूला पोळीचा भाजलेला चुरा, मध्ये पुरणाची लिंबाएवढी गोळी, तिच्या शेजारी तुपाची पांढरी भुकटी, आणि कडेला कटाच्या आमटीचा फेस. पुरणपोळीचे घटक सुटे करून दाखवले आहेत, खाणाऱ्याने ते तोंडात एकत्र करायचे, अशी कल्पना. मामांनी तो चुरा अंगठा आणि तर्जनीत चुरगाळून पाहिला आणि वाढणाऱ्या मुलाला विचारले, “ही पोळी आधी लाटली होती का रे बाळा?” मुलगा म्हणाला, पोळी नाही सर, क्रम्बल आहे. “मग ठीक आहे,” मामा म्हणाले.

त्या ‘मग ठीक आहे’चा अर्थ मला नीट समजला, म्हणून लिहितो. पुरणपोळीत डाळ, गूळ, कणीक आणि वेलची यांत अवघड काहीच नाही. अवघड आहे ते त्यांना एकत्र आणणे: सैलसर कणीक तेलाच्या हाताने इतकी तिंबायची की तिचा पापुद्रा कागदासारखा झाला तरी फाटू नये, आणि लाटताना पुरण कडेपर्यंत पोचावे, मध्ये गोळा राहू नये, तव्यावर टाकताना दुमडू नये. बाईचा किंवा आचाऱ्याचा सारा कस त्या एका लाटण्यात असतो. ती पोळी सुटी करून दगडावर मांडली की बरोबर तेवढेच वगळले जाते जे कठीण होते, आणि वगळलेल्याची किंमत मात्र वाढते. कटाच्या आमटीचेही तसेच. ती आमटी जन्मालाच आली ती पुरणाची डाळ शिजवल्यावर उरलेले पाणी टाकवत नाही म्हणून. तो कट दाट असतो, डाळीचा अंश घेऊन उतरलेला असतो, आणि गोडावर तिखट-आंबट उतारा म्हणून वाटीभर प्यायचा असतो. चमचाभर फेसात कट किती असणार? पिठल्याचा फेस करणाऱ्याला पिठले कळले होते. आमटीचा फेस करणाऱ्याने नुसती बाटली पुन्हा वापरली.

बिल आले. सोळा जणांचे ३८,४०० रुपये, पाण्याच्या बारा बाटल्यांचे १,३२०, त्यावर दहा टक्के सेवाशुल्क ३,९७२, आणि या सगळ्यावर मिळून पाच टक्के जीएसटी. एकूण ४५,८७७ रुपये. रस्सा परत नेला होता त्याची वजावट नाही. सेवाशुल्काविषयी विचारले तेव्हा व्यवस्थापकांनी, तरुणच होते तेही, ‘ते सक्तीचे आहे’ असे सांगितले. येथे वाचकांच्या उपयोगासाठी नोंदवतो की केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे रेस्टॉरंटला बिलात सेवाशुल्क आपोआप लावता येत नाही, ते दुसऱ्या नावाने घेता येत नाही, आणि ते बिलात मिळवून त्या बेरजेवर जीएसटीही आकारता येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकसदस्यीय पीठाने २८ मार्च २०२५ रोजी या सूचना वैध ठरवल्या आहेत. आमच्यातल्या लेखा विभागाच्या निवृत्त अधिकाऱ्याने हे शांतपणे सांगितले आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक मोबाइलवर लावून टेबलावर ठेवला. फोन लागण्याआधीच नवे बिल आले, ४१,७०६ रुपयांचे. मघाशी सक्तीची असलेली रक्कम एवढ्यात ऐच्छिक झाली. वाढणाऱ्या त्या मुलाला आम्ही वेगळे पैसे दिले, त्याच्या हातात दिले, आणि नारळाचा बिल्ला परत करून नारळ सोडवून घेतला.

घरी आल्यावर मी त्या रेस्टॉरंटला सविस्तर ई-मेल लिहिला. वेळेचा हिशेब जोडला, शाकाहारी मंडळींचा प्रसंग लिहिला, पिठल्याची तारीफही केली. आठव्या दिवशी उत्तर आले. आपला अभिप्राय आम्हाला मोलाचा वाटतो असे त्यात होते, आणि पुढच्या भेटीसाठी पंधरा टक्के सवलतीचे कूपन होते. अट अशी की गट किमान दहा जणांचा हवा.

त्या रेस्टॉरंटच्या आणि तशाच इतर ठिकाणांच्या मालकांना माझे सांगणे एवढेच आहे की तुम्ही फेस करा, गोळे करा, जे जमेल ते करा. पण तुमच्या ओट्यावर दोनच चिमटे चालत असतील तर आठाहून अधिक माणसांचे पैसे आगाऊ घेऊ नका. घ्यायचे असतील तर त्यांच्यासाठी वेगळा मेनू लिहा, ज्यात चार पदार्थ मोठ्या भांड्यातून टेबलावरच वाढले जातील आणि दोनच ताटल्या सजून येतील. जेवणाला साधारण किती तास लागतील आणि पहिला घास किती वाजता मिळेल, हे नोंदणीच्या वेळीच सांगा, म्हणजे माणूस गोळी केव्हा घ्यायची ते ठरवील. आणि शाकाहारी नळीला निदान दोरा तरी बांधा.

मामांनी त्या रात्री एका शब्दाने तक्रार केली नाही. पाहुणा म्हणून गेलेल्या माणसाने करायची नसते, असे त्यांचे म्हणणे. मात्र गेल्या रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. त्यांच्या गावी दरवर्षी हरिनाम सप्ताह असतो आणि एका संध्याकाळी सहाशे पानांची पिठलं-भाकरी होते. अजूनही त्या दिवशी मामा स्वतः चुलीपाशी उभे असतात.

“ते पिठल्याचं यंत्र कुठं मिळतं हो साहेब?” त्यांनी विचारले.

मी म्हटले, मामा, एका बाटलीत दहा माणसांचंच होतं.

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, “म्हणजे बॅचला साठ बाटल्या. दाबायला माणसं किती लागतील, तेवढं विचारून ठेवा.”

आपला नम्र,
एक निवृत्त कॅन्टीन व्यवस्थापक,
चिंचवड, पुणे